अळू खाजतं, काजू भाजतो: परसातल्या झाडांच्या हत्यारांना कसं हाताळायचं

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी मी नसता शहाणपणा केला, खतखत्यासाठी (चवथीची मिसळीची भाजी) आणलेली माडी, म्हणजे अळूचा कंद, आणि अळूचे देठ नळाखाली स्वच्छ धुतले आणि तसेच ओले ओले सोलायला बसलो. दहा मिनिटांत बोटांच्या बेचक्यांत अशी खाज सुटली की सुरी टाकून हात पायरीच्या दगडावर घासत बसलो, आणि आजी मागून म्हणते, "ओल्या हातांनी अळू सोलतोस? अरे ते तुला सांगतंय, मला खाऊ नको म्हणून."

आजी बोलली ते शंभर टक्के खरं आहे. अळू, सुरण, पावसातलं रानातलं तेरं, सगळ्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया जुड्या बांधून ठेवलेल्या असतात, मायक्रोस्कोपखाली बघितल्या तर दोन्ही टोकांना अणकुचीदार. कोणी पान चावलं की पेशी फुटते, सुया बाहेर येतात आणि तोंडाच्या नाजूक कातडीत बारीक बारीक भोकं पाडतात. नुसत्या सुयांनी एवढी आग होत नाही, त्यांच्याबरोबर प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स त्या भोकांतून आत शिरतात आणि खरा घोळ तिथे होतो. अळ्यांवर प्रयोग करून हे बघितलंय, नुसती सुई किंवा नुसतं एन्झाइम दिलं तर अळी बऱ्यापैकी तग धरते, दोन्ही एकत्र दिलं की मरते. म्हणजे इंजेक्शनच झालं की.

आता करायचं काय. आधी सोला, मग धुवा, उलटं नको. हात कोरडे ठेवा आणि बोटांच्या मधे, नखांच्या कडेला सुद्धा खोबरेल तेल चोळा, नुसतं तळहाताला लावून भागत नाही. देठाची साल ओढून काढा. सुया पाण्यात उकळून विरघळत नाहीत, पण एन्झाइम उष्णतेने बिघडतं, म्हणून अळू घाईत शिजवायची भाजी नव्हेच, पार मऊ होऊन गाळ झालं पाहिजे. आणि आंबट हवंच, सोलं (आमसुलं) घाला, चिंच घाला, तेऱ्यात आंबाडे घाला, आमच्याकडे आंबटाशिवाय अळू चुलीवर चढतच नाही. अर्धं शिजलेलं असताना मीठ बघायला म्हणून जिभेवर ठेवू नका, हा मोह मला दरवर्षी होतो. घसा खवखवला तर थंड दूध किंवा दही घ्या. पण जीभ, ओठ सुजायला लागले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ १०८ ला फोन करा.

काजूचं प्रकरण मात्र वेगळं आणि जास्त वाईट, कारण अळू लगेच कळवतं, काजू दोन दिवस गप्प बसतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड, गर आत गोड आणि भोवतालच्या टरफलात काळपट तेल, त्यात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल. कीड, उंदीर यांनी गराला हात लावू नये म्हणून. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर, म्हणजे आमचे बिबे (औषधातला बिब्बा वेगळा, पण तोही याच घराण्यातला आणि आंबासुद्धा), ते काढायला बसलं की हे तेल हाताला लागतं. थेट चटका बसतो तो एक भाग झाला. दुसरा भाग असा की त्या तेलातले रेणू आपल्या कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात, मग आपल्याच टी-पेशींना, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ती कातडी परकी वाटायला लागते आणि त्या आपल्याच कातडीवर तुटून पडतात. पहिल्या वेळी बहुतेक वेळा काहीच होत नाही, शरीर फक्त ओळख लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी २४ ते ४८ तासांनी पुरळ, फोड, खाज. म्हणून "मला काजूचं काही होत नाही" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझा चुलतभाऊ तीन सीझन असंच म्हणत होता.

तर बिबे काढताना रबरी हातमोजे घाला, नसतील तर तेल किंवा राख लावून बसा, विळी वेगळी ठेवा आणि त्या हाताने डोळा, मान, आणखी नको तिथे खाजवू नका. उठल्या उठल्या साबणाने हात धुवा, नखांखालीसुद्धा, कारण पुरळ पसरतं ते राहिलेल्या तेलाने, फोडातल्या पाण्याने नव्हे. गर गरम पाण्यात टाकले की साल पटकन निघते. बिया भाजत असाल तर धुराच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, त्या धुरातही तेच तेल असतं. मानकुराद आंबे उतरवताना पण तेच, थोडा देठ ठेवून काढा आणि मग देठ तोडून आंबा उलटा धरा, चीक खाली गळून जाऊ दे, फळावरही डाग पडत नाहीत.

फणसाचा चीक त्या मानाने गरीब, तो फक्त चिकटतो. पण किड्याच्या बारक्या तोंडाला तेवढं पुरतं, सिमेंट भरल्यासारखं होतं. सुरीला, हाताला तेल लावा, झालं. कण्हेरीवर एक काळी-पांढरी पट्टेवाली अळी दिसते, कॉमन क्रो फुलपाखराची, ती आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून गेला की मग पान खाते. ती सापडली तर पाच मिनिटं बसून बघा, चिकाच्या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार आहे.

खाजकुयलीची कुसं लागली तर चोळू नका, पाणीही लगेच ओतू नका. चिकटपट्टी लावून ओढा किंवा कणकेचा गोळा फिरवा, कुसं त्यात अडकतात, मग साबण. कपडे वेगळे धुवा, नाहीतर घरातले सगळे नाचतील.

राहिली मिरची. अमेरिकेतल्या ॲरिझोनात जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नॅभन या संशोधकांनी रानमिरच्यांवर काम केलं, २००१ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं, की उंदीर तिखट मिरची टाळतात पण पक्षी खुशाल खातात, त्यांना तिखट लागतच नाही, आणि त्यांच्या पोटातून बी धडधाकट बाहेर पडतं. पुढे बोलिव्हियात असंही दिसलं की मिरचीला तिखट करणारं तेच कॅप्सेसिन बियांवरच्या बुरशीलाही आवरतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून हाताची आग झाली तर आधी तेल चोळा मग साबण, आणि तोंड पोळलं तर पाण्याचे तांबे ढोसू नका, दही खा. आमच्या विहिरीपाशी लवंगी मिरचीचं झुडूप कोणीच लावलेलं नाही, तिथे रोज सकाळी बुलबुलांची जोडी येते आणि पिकलेल्या मिरच्या आधी तीच उचलते.