घाणेरी काढा, पण मुळापासून

सरकारी जंगलात हात घालण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या. घाणेरी, म्हणजे लँटाना हे रानात माजणारं परदेशी झुडूप, कोयत्याने वरवर छाटू नका. बुंध्यातून आणखी धुमारे फुटतात. जाळली तरी तेच. खोड आणि मूळ जुळतात तो गाठाळ भाग जमिनीच्या लगेच खाली असतो, धुमारे तिथूनच येतात. एकाने फांद्या वाकवून धराव्यात, दुसऱ्याने कुदळीने त्या गाठीखाली, साधारण 2-3 इंच खोल, मुख्य मूळ तोडावं. भोवतीची माती उकरू नका, जुनं बी वर येऊन रुजतं. उपटलेलं झुडूप मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवा, नाहीतर ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मुळं धरते. फळं धरण्याआधीच हे उरकावं.

सगळं रान एका दमात मोकळं करू नका. ससे, रानडुकरं त्याच जाळीत दडतात, पट्ट्यापट्ट्याने काढा. घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत ती जाळी तशीच राहू द्या. मोकळ्या जागी लगेच स्थानिक गवताचं बी पेरा.

फळं खाल्लेले पक्षी जिथे बसतात तिथे बी पडतं, म्हणून त्या झाडांखाली पुढचे 2-3 पावसाळे घाणेरीची रोपं उपटत राहावं लागतं. नेमकं हेच टाळलं जातं, आणि घाणेरी परत येते ती इथूनच.