पाळी गेल्यानंतरची जळजळ : या चुका टाळा

पाळी गेलेल्या बाईला लघवीला जळजळलं की घरात दोनच उपाय निघतात. धणे-जिऱ्याचं पाणी, नाहीतर मेडिकलमधून मागच्या वेळची गोळी. पाण्याला माझी हरकत नाही, गोळीला आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाई ५८ वर्षांच्या. वर्षात चार वेळा ‘उन्हाळी लागली’ आणि चारही वेळा मुलाने त्याच अँटिबायोटिकची स्ट्रिप आणली. जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात. पाचव्या वेळी मी हट्टाने, गोळी पोटात जाण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला लावलं. जंतू निघालेच नाहीत. डॉक्टरांनी तपासलं तर जागा कोरडी, पातळ, हुळहुळी झालेली. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक घटलं की योनीमार्ग आणि मूत्रमार्ग दोन्हींचं अस्तर पातळ होतं, योनीतली आम्लता कमी होते, राखण करणारे चांगले जंतू उणावतात. मग कधी खरा संसर्ग होतो, कधी नुसतीच आग. दोन्ही सारखंच जाणवतं, म्हणून अंदाजाने गोळी नको. नमुना देताना पहिली धार सोडून मधली धरा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. पण ताप, थंडी किंवा कुशीत दुखणं असेल तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. जाऊबाईंनी आठव्या दिवशी सोडलं. ‘गुण नाही, आणि कागदावर कॅन्सर लिहिलंय.’ ही घाई मी इतक्या जणींत पाहिली आहे की आता राग येतो. वर्षानुवर्षं झिजलेली जागा आठ दिवसांत कशी भरून येईल? या क्रीममधलं औषध रक्तात फारच थोडं जातं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. क्रीम पुन्हा सुरू झालं. सोमवार-गुरुवार जाऊबाईंचे उपासाचे, तेच वार आम्ही क्रीमचे ठरवले. तिसऱ्या महिन्यात त्या लघवीला न उठता रात्रभर झोपल्या. अंगातून येणाऱ्या वाफा बहुतेकींच्या काळाने ओसरतात. हा कोरडेपणा आपोआप जात नाही, म्हणून अंगावर काढू नका.

साबण, डेटॉल, सुगंधी वॉश आत नेऊ नका. एसटीचा प्रवास आहे म्हणून पाणी तोडू नका. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर वंगणाचं जेल वापरा. निरोध वापरत असाल तर खोबरेल नको, रबर फाटतं. योनीमार्गाच्या लेझर उपचाराच्या जाहिरातींना भुलू नका, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्येच त्याबद्दल इशारा दिला होता.

आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणू नका. क्रीम चालू असलं तरीही. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, सोनोग्राफी करून घ्या, आणि गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला सांगितला तर तोही द्या.