सेफ्टीत यायचंय? आधी शॉप फ्लोअरवर काही वर्षं काढा

डिप्लोमाचे निकाल लागले की कारखान्यात सुरक्षा अधिकारी व्हायचं म्हणणाऱ्या पोरांचे ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "सर, सेफ्टीचा कुठला कोर्स करू?" माझं उत्तर ऐकून बहुतेक पोरांचा हिरमोड होतो. कोर्स नंतर. आधी कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल पंचतारांकित एमआयडीसीत कुठल्या तरी कारखान्यात सुपरवायझर म्हणून चिकट.

हा माझा हेका नाही, नियमच तसा आहे. महाराष्ट्रात सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेसाठी १९८२ चे नियम चालत आले आहेत. त्यात कारखान्यातला सुपरवायझरी अनुभव मागितलाय: इंजिनिअरिंगच्या पदवीला दोन वर्षं, डिप्लोमाला किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पदवीला पाच वर्षं. त्यावर शासनमान्य औद्योगिक सुरक्षा पदविका, म्हणजे आपण ज्याला एडिस म्हणतो तो एक वर्षाचा कोर्स. तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थांत तो होतो, मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेतही होतो. आणि कामगारांची भाषा यायला हवी, हीसुद्धा नियमातलीच अट आहे. ती वाचून लोक हसतात. पुढं वाचलंत की हसणार नाही.

बसस्टँडजवळच्या बोर्डांवर 'फायर अँड सेफ्टी, शंभर टक्के नोकरी' असं लिहिलेलं असतं. तिथं पैसे भरण्याआधी एकच विचारा: हे सर्टिफिकेट कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून चालतं का, तसं लेखी द्या. समोरचा चहा मागवायला लागला की उठायचं. नेबॉश या ब्रिटिश सेफ्टी परीक्षेचं वेगळं आहे. ते सर्टिफिकेट खरं आणि आखातात त्याला मान आहे, पण इथल्या कायद्यातल्या पदविकेची जागा ते घेत नाही. दुबई-कतारला जायचं असेल तर करा. कागलला नोकरी करायची असेल तर एडिसच.

आता नोकऱ्या किती, हा प्रश्न. १९४८ च्या कारखाने कायद्यात हजार कामगार असले की सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांना सरकार वेगळा आदेश काढू शकत असे. कोल्हापुरात हजार माणसं असलेले कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली, त्यात हा आकडा पाचशेवर आला आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशेवर. फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना, त्या धोकादायक यादीत आहे. आपल्या भागासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण दोन-तीनशे माणसांच्या फाउंड्र्या इथं बऱ्याच. त्याहून लहान फाउंड्र्यांतही माणूस ठेवतात, पण तो कायद्यामुळं नाही. गाड्यांच्या कंपन्या कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेण्याआधी ऑडिट करतात, तिथं सेफ्टीचा रकाना कोरा चालत नाही.

म्हणून पहिली नोकरी बहुधा अशी मिळेल: पदाचं नाव सेफ्टीचं आणि सोबत टाइम ऑफिस, कँटीन, ईएसआयचे म्हणजे कामगार विम्याचे कागद. नाक मुरडू नका. ईएसआयच्या कागदांतूनच कळतं की कुठल्या विभागात कुणाला काय होतंय.

फाउंड्रीत नवा माणूस भट्टीकडं बघत राहतो, कारण ती दिसते. मी म्हणतो, आधी फेटलिंगला जा, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथं. तिथं दुखापतही जास्त आणि धूळही. वाळूतला सिलिका फुप्फुसात साचला की सिलिकोसिस होतो, आणि त्याला औषध नाही. फडकं बांधून ती बारीक धूळ अडत नाही. आणि सुट्टी व्हायच्या आधी एअरच्या पाइपनं अंगावरची धूळ उडवायची सवय, ती बंद करायलाच कित्येक महिने जातात.

एक उदाहरण सांगतो. एका शॉपमध्ये हँडग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, काढलेला असायचा. नोटीस लावून झाली, दंड करून झाला, गार्ड संध्याकाळपर्यंत परत डब्यात. शेवटी ग्राइंडरवाल्या मामांशेजारी बसलो.

"मामा, गार्ड का काढताय?"

"ह्या कोपऱ्यात चाक पोचतंय का बघा की सायेब. गार्ड लावून एक पीस तुम्हीच करून दावा."

खरंच पोचत नव्हतं. आणि गार्ड काढल्यावर पाच इंची मशीनला सात इंची चाक बसतं, म्हणून तेच लावलेलं. चाकावर ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली, मशीन ११,००० नं फिरतंय. असं चाक फुटलं तर गॉगल पुरत नाही. कोपऱ्यासाठी बारीक टोकाचा पेन्सिल ग्राइंडर मागवला. पण मामाच पुढं म्हणाले, "पैली एवढी फिन येतच नव्हती." फिन म्हणजे कास्टिंगच्या सांध्यात उरलेली जादा पातळ धार. कोअर बॉक्स, म्हणजे आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवायचा साचा, झिजला होता. तो दुरुस्त केल्यावर त्या कोपऱ्यात घासायला फारसं काही उरलंच नाही. धोका मुळातून काढणं, नाही जमलं तर कमी करणं, आणि हेल्मेट-गॉगल सगळ्यात शेवटी, हा क्रम एडिसच्या पुस्तकात त्रिकोण काढून दिलाय. मामांनी तो तंबाखू मळता मळता सांगितला. पॅटर्न शॉप, कोअर शॉप म्हणजे काय हे ठाऊक नसतं तर मला त्यातलं अवाक्षर कळलं नसतं.

भट्टीचंही तसंच. आपल्याकडं पावसाळा दांडगा आणि स्क्रॅप उघड्यावर. ओला स्क्रॅप वितळलेल्या लोखंडाखाली गेला की पाण्याची वाफ होते, आकारमान सोळा-सतराशे पट वाढतं, आणि चौदाशे अंशांचा रस बाहेर उडतो. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप किंवा शॉकअब्सॉर्बर गेला तरी तेच. म्हणून जूनआधी स्क्रॅपवर शेड हवी, यासाठी भांडावं लागतं. मालकाशी बोलताना कायद्याचं कलम शेवटी काढा. आधी विचारा, लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) फुटून भट्टी थांबली तर माल किती दिवस अडेल? भट्टीवरच्या माणसाला पॉलिस्टरचा शर्ट घालू देऊ नका, तो वितळून कातडीला चिकटतो. सुती कपडा आणि बिनालेसचे बूट. नाडीच्या बुटात रस गेला तर तो झटकन काढता येत नाही.

साखर कारखान्यात जाणार असाल तर उलट हिशोब. गळीत हंगामात गडबड दिसते, पण जीव घेणारी कामं ऑफसीझनला निघतात: टाकीत उतरणं, उंचावरचं वेल्डिंग, बाहेरून आलेली ठेकेदाराची माणसं. मळीच्या किंवा डिस्टिलरीच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी हवा मोजायची, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर परमिटवर सही करायची नाही. आत एकजण पडला की दुसरा त्याला काढायला धावतो आणि तोही पडतो. वर उभ्या माणसाला आधीच बजावून ठेवायचं: ओरड, दोर ओढ, पण उतरू नकोस. इचलकरंजीच्या मागांवर जाणार असाल तर आवाज आणि कापसाची धूळ, तिथं श्रवण तपासणीचे कागद आधी मागा.

पगार पुण्यापेक्षा कमी असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. केमिकल प्लांटमध्ये जास्त मिळतो, म्हणून बरेचजण दोन-तीन वर्षांत लोटे किंवा कुरकुंभ गाठतात. जायचं तर जा, पण फाउंड्रीतला अनुभव बायोडाटात नीट लिहा. 'सुरक्षा प्रशिक्षण दिले' असं लिहिलेले कागद रोज येतात. 'पावसाळ्याआधी स्क्रॅपयार्डला शेड करून घेतली' असं लिहिलेला आला तर मी त्याला मुलाखतीला बोलावतो आणि पहिलं विचारतो, मालक तयार कसा झाला?