परसातल्या पिल्लांचे मुंगूस आणि घुशींपासून रक्षण

हॅचरीतून (अंडी उबवणी केंद्रातून) आणलेल्या कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांना आईची ऊब नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात बल्बखाली, पिल्लांच्या उंचीवर, सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला ते साधारण ३ अंशांनी उतरवावे. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहणे अधिक विश्वासाचे: ती बल्बखाली दाटीने गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळून चोची उघडून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त झाली आहे.

नवशिक्यांचे खरे नुकसान मात्र बहुधा रात्री होते. बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्या आत ठेवण्यापुरती ठीक असते. घूस किंवा मुंगूस तिला दाद देत नाही, आणि लहान पिल्लू तर मोठ्या छिद्रांतून स्वतःच बाहेर पडते. त्यामुळे खुराड्याच्या खालच्या भागाला अर्ध्या इंचाच्या छिद्रांची वेल्डमेश (वेल्डिंग केलेल्या तारांची मजबूत जाळी) लावावी, तिची कड जमिनीत किमान एक फूट पुरावी, शक्य असल्यास तळाला कोबा करावा आणि दाराखाली बोटभरही फट ठेवू नये, कारण साप तेवढ्यातूनही आत शिरतो. सांडलेले खाद्य संध्याकाळी झाडून काढावे; त्याच्या ओढीने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. घार व कावळ्यांपासून बचावाला डालगे (पिल्लांवर झाकायची बांबूची टोपली) पुरते, परंतु मोकळ्या आवारात वरूनही जाळी हवीच. दिवस मावळण्यापूर्वी पिल्ले मोजूनच कडी लावावी.