भिंत मंत्राची, वजन दगडाचं

डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा) म्हणून टेबलाच्या त्या टोकाला बसायला लागून जेमतेम तीन रविवार झाले होते. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, पाचवी आवृत्ती: टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायची काल्पनिक साहसकथा. समोर ४० फूट रुंद घळ, मागे ऑगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, लागलेले आणि पार्टीकडे, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांकडे, धान्यानं भरलेली बैलगाडी. आमच्या विझार्डनं (जादूगाराचं पात्र खेळणाऱ्या मैत्रिणीनं) ‘वॉल ऑफ स्टोन’, म्हणजे दगडी भिंतीचा मंत्र, टाकली, पण उभी नाही, आडवी. पूल! मी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, “गाडी मधोमध आली आणि कडाड्कन आवाज झाला.” बैल गेले, गाडी गेली, धान्य गेलं.

तिनं पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. “कुठं लिहिलंय, दाखव.”

लिहिलेलं नव्हतंच. सहा इंच जाडी म्हटल्यावर मला ती पातळ वाटली, एवढंच माझं शास्त्र. आणि मी डिप्लोमा सिव्हिलचा केलाय, पोटापाण्यासाठी स्लॅबच टाकतो.

नव्यानं डीएम होणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. कुणीतरी मंत्रानं भिंत, पूल, घुमट उभा करतो आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात: टिकेल का? मी आधी काय बघायला हवं होतं ते सांगतो. आकडे २०१४च्या पुस्तकांतले आहेत.

सगळ्यात आधी बघा, समोर आहे ते खरंखुरं द्रव्य आहे की नुसतीच जादू. ‘वॉल ऑफ फोर्स’ पाव इंच जाड असते, दिसत नाही, हवेत तरंगू शकते आणि कुठल्याही माराचा तिच्यावर परिणाम होत नाही. तिच्यावरून हत्ती गेला काय आणि उंदीर गेला काय, मी विचारच करत नाही. वस्तूची राख करणारा ‘डिसइंटिग्रेट’ मंत्र टाकला तर ती जाते, नाहीतर वेळ संपेपर्यंत किंवा टाकणाऱ्याची एकाग्रता तुटेपर्यंत राहते. ‘वॉल ऑफ स्टोन’चा दगड मात्र साधा दगडच, मंत्राच्या वर्णनातच तसं म्हटलंय. जादूनं आणला असला तरी वागतो दगडासारखा. इथून पुढे डोकं चालवावं लागतं.

दुसरं म्हणजे मंत्राचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मी वाचला नव्हता. दगडी भिंतीला १० बाय १० फुटांचे दहा पॅनेल मिळतात, जाडी ६ इंच. (३ इंच जाडी चालत असेल तर पॅनेल १० बाय २० चे.) प्रत्येक पॅनेलचा एसी, म्हणजे आर्मर क्लास (घाव लागायला फाशावर गाठावा लागणारा आकडा), १५ आणि दर इंचाला ३० हिट पॉइंट, म्हणजे ६ इंची पॅनेलला १८०. डीएमच्या पुस्तकातल्या तक्त्यात दगडाचा एसी १७ आहे, तरीही इथे १५च धरायचा, कारण मंत्रात वेगळं दिलं असेल तर मंत्राचं खरं. बर्फाच्या भिंतीचंही तसंच: तक्त्यात बर्फ १३, मंत्रात १२. आणि आमच्या पुलाचं उत्तर तिथेच होतं: भिंत आधीच्या दगडात एकजीव होऊन त्याच्यावर भक्कम टेकलेली हवी आणि गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) २० फुटांपेक्षा मोठा असेल तर आधार घडवण्यासाठी प्रत्येक पॅनेलचा आकार निम्मा करायचा. म्हणजे ४० फुटांचा पूल नियमात बसतो. त्याची किंमत आधीच मोजलेली असते.

आता हिट पॉइंट. नवे डीएम इथेच फसतात. हिट पॉइंट म्हणजे घाव सोसायची ताकद, भार पेलायची नाही. पॅनेलचे १८० पॉइंट म्हणजे १८० मण पेलतं असं काही नाही. बरं, घावांनाही हा आकडा आंधळेपणानं लावू नका. लांब तलवारीचा १ड८ (आठ बाजूंचा एक फासा) अधिक ४, सरासरी साडेआठ. फेरीला दोन वार, आणि सगळे लागले असं धरलं तर फेरीला १७. अकरा फेऱ्यांत पॅनेल खलास. एक फेरी ६ सेकंदांची, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आत तलवारीनं सहा इंची दगडी भिंत फोडली! खुद्द पुस्तकच सांगतं की तारतम्य वापरा, भिंतीआधी तलवार तुटेल. ट्रेबुशेचा, म्हणजे गोफणीसारख्या मोठ्या युद्धयंत्राचा, गोळा ८ड१०, सरासरी ४४. पाच गोळ्यांत पॅनेल पडतं, हे पटतं. तलवारीसाठी मी २००३ची साडेतिसरी आवृत्ती उसनी घेतो. तिथे दगडाला ८ची हार्डनेस होती, म्हणजे प्रत्येक घावातून ८ वजा. साडेआठातून उरतो अर्धा. कुणी तलवार उपसून भिंतीकडे निघाला की मी हे आधीच सांगून टाकतो, फासा पडल्यावर नाही. नंतर सांगितलं की भांडण ठरलेलं.

आणि भार? साइटवर शहाबादी फरशी उतरवताना बघा. माणसं ती नेहमी उभी धरतात, कड खाली करून. नवा पोरगा आडवी, पालथी धरून निघाला की मुकादम लांबूनच ओरडतो, कारण दोन टोकांना दोघांनी धरलेली फरशी चार पावलांत मधोमध तडकते. तिच्यावर कुणी बसलेलं नसतं, ती स्वतःच्याच वजनानं जाते. दगड दाबाला वाघ असतो, ताणाला शेळी. आडव्या दगडाच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि तो तिथून उकलतो.

त्या रात्री घरी जाऊन मी हिशोब केला. ६ इंची एका पॅनेलचं वजन पावणेचार टनांच्या आसपास येतं. २० फूट गाळा, ६ इंच जाडी, दोन्ही टोकं टेकलेली: नुसत्या स्वतःच्या वजनानं खालच्या अंगाला सुमारे ५ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण. चांगला ग्रॅनाइट साधारण दहा-पंधरापर्यंत तग धरतो. गाळा दुप्पट केला की ताण चौपट, म्हणजे वीसच्या घरात, आणि तिथे तो गेला. जाडी निम्मी केली तर ताण दुप्पट. म्हणजे पुस्तकातला २० फुटांचा नियम ग्रॅनाइटच्या हिशोबात चपखल बसतो. मला खरी चपराक बसली ती पुढे. १० फूट रुंद स्लॅबवर मधोमध टनभराची गाडी उभी केली तर ताण वाढतो जेमतेम सव्वा मेगापास्कल. मी बैलांना दोष देत होतो आणि पुलाला ओझं होतं स्वतःचंच. जो दगड स्वतःला पेलून उभा आहे, तो बैलगाडीनं सहसा पडत नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुढच्या रविवारी लॅपटॉपवर तक्ता घेऊन बसलो, बर्फाच्या भिंतीवर राक्षस चढला की त्याचं वजन विचारायला लागलो. अर्ध्या तासानं मान वर केली तर टेबलावर कुणी नव्हतं, सगळे खाली चहाला. तेव्हापासून तक्ता बंद. आता तीनच गोष्टी विचारतो: दोन्ही टोकं कशावर टेकलीत, गाळा किती, जाडी किती. टोक मातीत असेल तर दगडी भिंत होतच नाही, विषय संपला. बाकी उत्तर मिनिटभरात द्यायचं आणि पुढच्या वेळी तेच द्यायचं.

एक मात्र ध्यानात ठेवा: दहा मिनिटं पूर्ण होईपर्यंत हा सगळा दगड विझार्डच्या कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे मंत्रावरच्या एकाग्रतेवर, उभा असतो. ते पूर्ण टिकलं तर भिंत कायमची, मध्येच तुटलं तर नाहीशी. शहाणा शत्रू पुलावर घाव घालत नाही, विझार्डला बाण मारतो.

गेल्या महिन्यात मुद्दाम तीच घळ पुन्हा आणली. ४० फूट, दोन्हीकडे कातळ, आणि बैलगाडी. विझार्डनं माझ्याकडे बघितलं, बोलली काहीच नाही. मी म्हणालो, “पॅनेल निम्मे होणार. १० बाय ५. पाच फुटांत गाडी बसणार नाही.” माझ्या मते पेच बरा जमला होता.

तिनं बोटांवर मोजलं. “अरे, चार लांबीला, दोन रुंदीला. आठ झाले. दहा फुटी रस्ता.”

“आणि उरलेले दोन?”

“कडेला उभे कर, कठडा. बैल खाली बघून बुजतात.”