तुलनेचे आकडे शोधताना सामाजिक संस्था कुठे चुकतात

नाशिकमधील छोट्या सामाजिक संस्थांची अंदाजपत्रके जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेऊ लागली, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘प्रशासकीय खर्च किती टक्के धरावा?’ विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि तो कुठून तरी मिळतोही. त्या आकड्यात कोणकोणते खर्च मोजले आहेत, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही, आणि पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे कायद्यातील मर्यादेलाच मानदंड समजणे. सातपूर किंवा अंबडमधील एखाद्या कंपनीकडे सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या) निधीचा प्रस्ताव देताना ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत’ असे संस्था स्वतःहून लिहून देतात. वास्तविक २०२१ च्या सुधारित नियमांतील पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीला तिच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या व्यवस्थापन खर्चासाठी घातलेली आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेने आपला हिशेबनीस, कार्यालयाचे भाडे आणि लेखापरीक्षणाचे शुल्क त्यात कोंबावे, असे ते नियम म्हणत नाहीत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणलेली मर्यादाही केवळ परदेशी निधीपुरती आहे. आयकर कायद्यातील ८५ टक्क्यांचा नियम तर कार्यक्षमतेचे माप मुळीच नाही. उत्पन्नाचा तेवढा भाग संस्थेच्या उद्दिष्टांसाठी वापरावा, एवढेच तो सांगतो. उरलेले १५ टक्के बाजूला ठेवता येतात आणि ठरावीक कारण नमूद करून विहित अर्ज भरल्यास त्याहून अधिक रक्कमही पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येते. ‘शिल्लक राहिली तर कर लागेल’ या भीतीने मार्चअखेर घाईघाईने खरेदी करणाऱ्या संस्थांनी हे आपल्या सीएंकडून एकदा समजून घ्यावे.

दुसरी चूक अधिक खोलवरची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाचे जमा-खर्च पत्रक अनुसूची नऊच्या नमुन्यात असते. त्यात ‘आस्थापना खर्च’ आणि ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ ही शीर्षे वेगळी असली, तरी कोणता खर्च कुठे टाकायचा याबाबत प्रत्येक संस्थेची रीत निराळी असते. समजा, एका संस्थेचा वार्षिक खर्च ६० लाख रुपये आहे, त्यात गावोगावी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचे मानधन १८ लाख आणि कार्यालयाचा खर्च ६ लाख आहे. मानधन आस्थापनेत धरले तर आस्थापना खर्च ४० टक्के दिसतो, उद्दिष्टांत धरले तर १० टक्के. काम तेच, पैसे तेच. म्हणून दुसऱ्या संस्थेच्या अहवालातील टक्केवारी जशीच्या तशी न उचलता मूळ पत्रक मिळवावे, दोन्ही संस्थांचे खर्च एकाच पद्धतीने पुन्हा मांडावेत आणि मगच भागाकार करावा. न्यासांच्या बाबतीत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून व शुल्क भरून हिशेबपत्रकांच्या नकला मिळवण्याची सोय आहे. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपन्यांची पत्रके कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. याला वेळ लागतो, हे खरे. पण चकचकीत वार्षिक अहवालातील गोल तक्त्यावर विसंबण्यापेक्षा तो वेळ सत्कारणी लागतो.

तुलनेसाठी संस्था निवडतानाही गफलत होते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेने पुण्यातील वस्तीत वर्ग चालवणाऱ्या संस्थेचा ‘प्रतिलाभार्थी खर्च’ प्रमाण मानला, तर तिची गाडी आणि डिझेल कायम उधळपट्टीच ठरणार. अंतर, कामाचे स्वरूप आणि उलाढाल या तिन्ही बाबतींत जवळच्या अशा चार-पाच संस्था पुरेशा असतात. अमेरिकी संस्थांची गुणोत्तरे इंटरनेटवर सहज सापडतात, परंतु तेथील पगार, करविवरणे आणि देणगीदारांच्या सवयी वेगळ्या असल्याने आपल्या अंदाजपत्रकात त्यांचा उपयोग फारसा नाही.

वर्षाची निवडही जपून करावी. २०२०-२१ हे कोविडचे वर्ष किंवा २०१५-१६ चे सिंहस्थाचे वर्ष आधारभूत धरल्यास देणग्या आणि दर दोन्ही विचित्र दिसू शकतात. किमान तीन वर्षांची सरासरी घ्यावी आणि असाधारण वर्ष वेगळे दाखवावे.

राखीव निधीच्या बाबतीत तक्रार नेहमी एकच असते : ‘ताळेबंदात ४० लाख दिसतात, तरी जूनचे मानधन थकले.’ अशा वेळी त्या रकमेतून इमारत, गाडी, कॉर्पस (कायम राखायचा मूळ निधी) आणि विशिष्ट प्रकल्पासाठीच मिळालेले अखर्चित अनुदान वजा करावे. उरलेल्या मोकळ्या रकमेला सरासरी मासिक खर्चाने भागले, की संस्था किती महिने तग धरेल ते कळते. वरच्या उदाहरणातील संस्थेचा मासिक खर्च ५ लाख आहे. ४० लाखांपैकी मोकळे ४ लाखच निघाले, तर तिच्याकडे एक महिन्याचीही तरतूद नाही. अनुदानाचे हप्ते मागील वर्षी प्रत्यक्षात कोणत्या तारखांना जमा झाले, हे बँकेच्या पासबुकावरून उतरवून या आकड्याशेजारी मांडावे. इतर संस्थांशी तुलना त्यानंतर करावी.