रेडिओ सिग्नलवरून बोट ओळखताय? मग या चुका टाळा

मिरकरवाडा बंदराजवळ कुणाच्या तरी गच्चीवर अँटेना लावायचा, आरटीएल-एसडीआर डोंगलने (लॅपटॉपला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) बोटींचे एआयएस सिग्नल (बोट आपली ओळख आणि जागा सांगते ते) पकडायचे आणि मशीन लर्निंगने कुठली बोट कुठली ते ओळखायचं. हा प्रोजेक्ट आता रत्नागिरीत बरीच पोरं करतात आणि कल्पना खरंच झकास आहे, म्हणूनच त्याच त्या चुका बघून जीव तुटतो. एआयएसमधला बोटीच्या ओळखीचा ९ अंकी एमएमएसआय नंबर (आपल्याकडचे ४१९ ने सुरू होतात) बोटीवरच्या सेटमध्ये खोटा भरता येतो, पण त्या सेटच्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी किती सरकलीये, पॉवर चढताना सिग्नल कसा उसळतो, हे सहजासहजी बदलता येत नाही. आपल्याला मॉडेलला हे शिकवायचंय. मॉडेल मात्र त्याहून सोपं काही मिळालं की तेच शिकतं.

अख्खा बर्स्ट (बोटीने एका दमात पाठवलेला मेसेज) मॉडेलला देणं. ही माझ्या डोक्यात जाणारी चूक नंबर एक. मागच्या हंगामात इंजिनिअरिंगची काही पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली, अ‍ॅक्युरसी नव्वदीच्या वर, पेपर पाठवायची घाई. मी म्हटलं, पेपर राहू दे, आधी बर्स्टची सुरुवात कापून टाका आणि फक्त मधला डेटा देऊन बघा. अ‍ॅक्युरसी जागची हलली नाही. मग उलटं केलं, फक्त सुरुवातीचा तुकडा दिला, तर धाडकन खाली. म्हणजे मॉडेल हार्डवेअर ओळखतच नव्हतं, ते चक्क नंबर वाचत होतं!

एआयएसचा एक स्लॉट २५६ बिटांचा असतो, सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने साधारण २६.७ मिलिसेकंद. पहिले ८ बिट पॉवर चढायला, मग एकाआड एक ० आणि १ असे २४, मग ८ बिटांचा स्टार्ट फ्लॅग, आणि त्यापुढे १६८ बिट डेटा, ज्यात एमएमएसआयचे ३० बिट सरळ बसलेले असतात. काही जण हुशारी करून तेवढे ३० बिट झाकतात. पण अरे, नांगरलेल्या बोटीचे अक्षांश-रेखांशही प्रत्येक मेसेजमध्ये जवळपास तेच असतात की, आणि पुढचा सीआरसीसुद्धा (चूक तपासायचे बिट) या सगळ्यावरूनच निघतो! मी पहिले ४० बिट ठेवतो, म्हणजे जेमतेम ४.२ मिलिसेकंद, बाकी सगळं फेकून देतो. तेवढ्यात मॉडेल शिकत नसेल तर ते शिकलेलंच नाही असं धरून चालायचं.

एकाच दिवसाचा डेटा आणि रँडम स्प्लिट (ट्रेनिंग आणि टेस्टचा डेटा चिठ्ठ्या टाकल्यासारखा वाटणं). ही दुसरी, आणि हिला घाई कारणीभूत आहे. सकाळी रेकॉर्डिंग, दुपारी ८०-२० स्प्लिट, संध्याकाळी ग्रुपवर स्क्रीनशॉट. बोटी दिवसभर जागच्या हलल्या नाहीत, त्यामुळे प्रत्येकीचा सिग्नल भिंतींवरून, शेजारच्या डोलकाठ्यांवरून आपटून ठराविक रूपातच तुमच्यापर्यंत येतो आणि मॉडेल ती जागा पाठ करतं. याच पोरांच्या डेटात एक ट्रॉलर बर्फ भरायला जेटीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि मॉडेलने त्याला आधी तिथे उभ्या असलेल्या बोटीचं नाव दिलं. हा काही फक्त आपल्या बंदरातला प्रकार नाही, २०२० च्या इन्फोकॉम परिषदेतल्या एका पेपरात चॅनेलच्या (सिग्नल येतो त्या वाटेच्या) परिणामाने अ‍ॅक्युरसी ८५ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलेली दाखवलीये.

माझी सवय अशी की स्प्लिट तारखेने करायचा, कधीच रँडम नाही. आणि आपल्याकडे तर परीक्षा आयती आहे: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मे महिन्यातल्या रेकॉर्डिंगवर ट्रेन करा आणि नारळी पौर्णिमेनंतर बोटी परत बाहेर पडल्या की त्यावर टेस्ट करा. मधल्या काळात बोटी ओढलेल्या असतात, अँटेना काढून परत लावलेले असतात, कनेक्टर खाऱ्या हवेने हिरवे पडलेले असतात. त्यातूनही जे टिकतं ते खरं. दोन-तीन महिने थांबायचा कंटाळा असेल तर हा विषय घेऊ नका, मी हे तोंडावर सांगतो.

स्वतःच्या रिसीव्हरची सरक विसरणं. एआयएस चालतं त्या १६२ मेगाहर्ट्झवर १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) म्हणजे १६२ हर्ट्झ. पत्र्याखाली तापलेलं स्वस्त डोंगल त्याहून कितीतरी जास्त सरकतं आणि तुम्ही ते बोटीच्या खात्यावर मांडता. टीसीएक्सओवालं (तापमानाने फारसं न सरकणाऱ्या क्रिस्टलचं) डोंगल घ्या, अर्धा तास तापू द्या, रेकॉर्डिंगच्या आधी आणि नंतर जीएसएम टॉवरवरून पीपीएम काढून लिहून ठेवा.

आणि या सरकण्यासाठी डॉप्लरला (बोटीच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) दोष देऊ नका. २० नॉट्सने सरळ तुमच्याकडे येणाऱ्या जहाजाचा डॉप्लर इथे साडेपाच हर्ट्झच्या आसपास येतो.

गेन (डोंगल सिग्नल किती मोठा करतं ते) ऑटोवर ठेवू नका, ८ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) आहे, जवळची बोट बोलली की क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात.

वायफायचे फीचर्स जसेच्या तसे उचलू नका. एआयएसचं जीएमएसके मॉड्युलेशन (फ्रिक्वेन्सी हलवून बिट पाठवायची पद्धत) एकाच उंचीचं असतं, तिथे अँप्लिफायरचा वाकडेपणा फारसा दिसतच नाही. फ्रिक्वेन्सीची चूक, डेव्हिएशन (बिट पाठवताना फ्रिक्वेन्सी किती हलते) आणि पॉवर चढतानाचा आकार बघा.

क्लास ए (मोठ्या जहाजांचे सेट) आणि क्लास बी (छोट्या बोटींचे) वेगळे ओळखले म्हणून नाचू नका, एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे दोन सेट वेगळे ओळखून दाखवा.

शेवटची, जी जवळपास सगळेच सोडून देतात: मॉडेलला "माहीत नाही" म्हणता आलं पाहिजे. आपल्या समुद्रात कर्नाटकातल्या मलप्याच्या, गुजरातच्या बोटी येतात, त्या तुमच्या यादीत नसणार, आणि साधं सॉफ्टमॅक्स (यादीतलं एक नाव निवडणारा मॉडेलचा शेवटचा टप्पा) त्यांनाही बिनधास्त कुठल्यातरी मिरकरवाड्याच्या बोटीचं नाव चिकटवतं. मी पहिल्याच दिवशी काही बोटी बाजूला काढतो, त्या ट्रेनिंगला कधीच दाखवत नाही, आणि त्यातल्या किती "अनोळखी" म्हणून बाहेर पडतात ते बघून थ्रेशोल्ड (किती खात्री असेल तरच नाव द्यायचं ती रेघ) ठरवतो. अंतिम टेस्टसाठी आणखी वेगळ्या अनोळखी बोटी राखून ठेवतो, थ्रेशोल्ड ज्यांच्यावर लावला त्या पुन्हा वापरत नाही.